कायदा ऐकू नका, वाचा

धामापूरचा तलाव 1530 सालचा, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगते. पण सातबाऱ्यावर नाव कसे चढते याचा कायदा कुठे वाचायचा, असे विचारले की मोठी माणसेही गप्प होतात.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या एका खालांचे वडील वारले. वारस नोंदीत भावांनी फक्त स्वतःची नावे दिली. खाला हरकत सांगायला गेल्या, तर "वकिलाकडून लिहून आणा" असे ऐकून परत आल्या. आम्ही मोबाईलवर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 उघडली. कलम 150 सांगते की हरकत तोंडी किंवा लेखी घेता येते, तलाठ्याने ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहायची आणि लगेच लेखी पोच द्यायची. खाला त्या कलमाची छापील प्रत घेऊन पुन्हा गेल्या आणि पोच घेऊन आल्या. हिस्सा अजून मिळालेला नाही, पण त्यांचे म्हणणे आता कागदावर आहे.

कायदा माहीत नव्हता, ही सबब कोर्टात चालत नाही. मग तो लोकांपर्यंत पोहोचवणे हे सरकारचे काम ठरते. 1951 साली हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच मानले. जयपूर संस्थानचा 1923 चा अफू कायदा कधी जाहीरच झाला नव्हता, म्हणून त्याखालची शिक्षा रद्द झाली.

आज बरेच काही फुकट मिळते. 'इंडिया कोड'वर केंद्राचे आणि राज्यांचे कायदे आहेत. राज्याच्या विधी व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर मराठी पाठ आहेत, शासन निर्णयांचे संकेतस्थळ वेगळे आहे. निकालांसाठी 'इंडियन कानून' आहे. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. शासन निर्णय म्हणजे कायदा नव्हे, तो कायद्याच्या वर जाऊ शकत नाही. आणि जुन्या कायद्यांच्या नावातले 'मुंबई' 2012 मध्ये 'महाराष्ट्र' झाले, म्हणून दोन्ही नावांनी शोधा. वाचताना शेवटची दुरुस्ती कधीची, हेही पाहा.

कोणी म्हणेल, मग वकील कशाला? वकील लागतोच. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रियांना तो उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो. 15100 वर फोन करून विचारता येते. पण वकिलाकडे जाण्याआधी आपला प्रश्न काय आहे, हे तरी आपल्याला कळायला हवे.

सरकारकडे मागणी साधी आहे: प्रत्येक राज्य कायद्याचा दुरुस्त्यांसह ताजा मराठी पाठ द्या, तोही शब्द टाकून शोधता येईल असा. स्कॅन केलेल्या पानांच्या पीडीएफमध्ये खालांना काय सापडणार?

आणि मागणी आपल्याकडेही आहे. जमातीच्या बैठकीत चंद्याचा हिशेब होतो, तशी महिन्यातून एक संध्याकाळ कायदा वाचायला द्या. ग्रामपंचायत, माहितीचा अधिकार, वक्फ, जमीन महसूल, इथून सुरुवात करता येईल. त्या बैठकीला मुलींना आणि बायकांना आधी बोलवा. वारस नोंदीतून बहुतेक वेळा त्यांचीच नावे गळतात.