रात्र पाहणारे आणि रात्रीत राहणारे

परदेशी शहरात स्थिरावण्याविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात दिवस आणि रात्र यांची विचित्र फारकत झालेली आढळते. दिवसाच्या वाट्याला शिस्त, स्वच्छता आणि वक्तशीर गाड्यांचे कौतुक येते. रात्रीच्या वाट्याला नाक मुरडणे तरी येते, नाहीतर चोरून डोकावल्याची फुशारकी. दोन्ही प्रकारांत लेखक काचेबाहेर उभा असतो. आमचा आक्षेप या उभे राहण्यालाच आहे.

बर्लिनचे उदाहरण घेऊ. नोकरी-शिक्षणानिमित्त तेथे जाणाऱ्या मराठीभाषकांना हे शहर आधी ऐकून माहीत असते ते त्याच्या रात्रींमुळे, आणि त्या रात्री म्हणजे निव्वळ बेबंदशाही, असा सार्वत्रिक समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १९४९ साली हाइन्झ झेलरमायर या हॉटेलव्यावसायिकाने अमेरिकी अधिकाऱ्यांकडे रदबदली केली आणि पश्चिम बर्लिनमधील मद्यालयांवरचे वेळेचे बंधन उठले. १९८९ मध्ये भिंत पडल्यावर पूर्वेकडील ओस वास्तूंत संगीत शिरले. 'ट्रेझॉर' हा क्लब १९९१ साली एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील तिजोरीघरात सुरू झाला. आजही शुक्रवारी आणि शनिवारी तेथील भुयारी रेल्वे रात्रभर धावते, म्हणजे कोणीतरी ती रात्रभर चालवत असते. अनेक क्लबांच्या दारावर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली जाते, कारण आतल्या माणसाचा खाजगीपणा हा तेथे नियम आहे. अशा व्यवस्थेला बेबंदशाही म्हणणे हा शब्दांचा अपव्यय होय.

आणि याच शहरात रात्री १० ते सकाळी ६ शेजाऱ्याची झोप मोडता येत नाही. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. आवाज होतो म्हणून काचेच्या बाटल्याही त्या दिवशी कुंडीत टाकायच्या नसतात. नव्या घरात आल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते, तीही घरमालकाच्या दाखल्यासह. यातले एक बर्लिन सुसंस्कृत आणि दुसरे बिघडलेले, अशी वाटणी करता येत नाही. एकाच नागरी तडजोडीची ही दोन अंगे आहेत.

यावर 'पण ही आपली संस्कृती नव्हे' असे ठरलेले उत्तर येते. हे उत्तर देणाऱ्यांनी कोकणातला दशावतार किती वाजता सुरू होतो हे आठवावे. गोंधळ, जागरण, तमाशाचे फड, एकेकाळी रात्र रात्र चालणारा पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव ही सारी आपलीच नाइट लाइफ होती. इंग्रजी नाव नव्हते, इतकेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी आपल्याकडेही १० ते ६ हीच रात्र ठरवली. नियमाला आमचा विरोध नाही. आपण घड्याळ लावले आणि विषय मिटला असे मानले, याचे आम्हांस वाईट वाटते. बर्लिनने २०१८ साली क्लबांच्या ध्वनिरोधक बांधकामासाठी दहा लाख युरोंचा निधी उभारला. झोप आणि संगीत दोन्ही हवीत, असे मानणाऱ्या समाजाचे हे लक्षण आहे.

अर्थात बर्लिनलाही हे शहाणपण उशिराच सुचले. प्रेन्झलाउअर बेर्ग भागातला, १९५२ पासून चालत आलेला 'क्नाक' क्लब २०१० च्या अखेरीस बंद पडला, तो शेजारी नव्याने उभ्या राहिलेल्या घरांतील रहिवाशांच्या तक्रारींमुळे. 'ट्रेझॉर'ची मूळ जागाही २००५ मध्ये गेली. शहराच्या चैतन्याची जाहिरात वाचून यायचे, जास्त भाडे मोजून घर घ्यायचे आणि मग त्याच चैतन्याचा आवाज होतो म्हणून अर्ज करायचा, ही नव्या सुस्थित रहिवाशाची रीत जगभर सारखीच आहे. परदेशात चांगल्या पगारावर गेलेला आपला मध्यमवर्ग याच रहिवाशांत मोडतो, ही गोष्ट आपल्या अनुभवकथनांत कधीच येत नाही. तेथे आपण नेहमी पाहुणे असतो, आणि पाहुण्यावर जबाबदारी नसते.

कोणी क्लबात जावे असा आमचा आग्रह नाही. ज्याला दहा वाजता झोपायचे आहे त्याने खुशाल झोपावे. परंतु रात्रपाळीचा मोटरमन, दारावरचा रक्षक, पहाटे जमीन पुसणारी बाई आणि नाचून थकलेला तरुण हे सारे आपले शेजारी आहेत, एवढे मान्य केल्यावाचून त्या शहरात आपण स्थिरावलो असे कोणी म्हणू नये.