प्रत आहे, पण कोठे?

दक्षिण कोरियातील देजॉन येथील राष्ट्रीय माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री आग लागली. पाचव्या मजल्यावरील सर्व्हर-दालनातून लिथियम-आयन बॅटऱ्या तळघरात हलविण्याचे काम सुरू असताना हा प्रकार घडला. धोका टाळण्यासाठीच हे काम हाती घेतले होते, हा दैवदुर्विलासच. आग विझण्यास जवळपास पूर्ण दिवस लागला आणि शासनाच्या ७०९ संगणकीय यंत्रणा विस्कळीत झाल्या.

त्यांपैकी बहुतेक पुन्हा उभ्या करता येण्याजोग्या होत्या. 'जी-ड्राइव्ह' मात्र नव्हता. कर्मचाऱ्यांनी कामाची कागदपत्रे कार्यालयातील संगणकावर न ठेवता या सामाईक साठ्यात ठेवावीत, असे धोरण २०१८ पासून होते. सुमारे सव्वा लाख कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती त्यात होती आणि तिची प्रत बाहेर कोठेही नव्हती. साठा अवाढव्य आणि त्याची गती कमी, त्यामुळे बाहेर प्रत ठेवता आली नाही, असा खुलासा करण्यात आला. ज्या खात्याने हे धोरण सर्वांत काटेकोरपणे पाळले, त्या कर्मचारी व्यवहार मंत्रालयाचेच सर्वाधिक नुकसान झाले.

इशारा मिळाला नव्हता असेही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये पांग्यो येथील एका खासगी माहिती केंद्राला आग लागून 'काकाओ' ही लोकप्रिय संदेशसेवा कोलमडली होती. त्या वेळी आपली केंद्रे तीन तासांत पूर्ववत होऊ शकतात, अशी ग्वाही शासकीय यंत्रणेने दिली होती. ती कधी तपासून पाहिली गेली असती, तर 'जी-ड्राइव्ह'ची उणीव पहिल्याच तालमीत उघड झाली असती.

प्रत असूनही यंत्रणा बंद पडू शकते, हे मुंबईने अनुभवले आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सुमारे चार तास ठप्प झाले. बाजाराचे मुख्य केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात, नजीकचे पर्यायी केंद्र कुर्ल्यात आणि दूरचे चेन्नईत. पहिल्या दोन केंद्रांमधील दूरसंचार जोडण्या तुटल्या आणि माहिती साठविणारी यंत्रणाच प्रतिसाद देईनाशी झाली. जोडण्या तुटण्याचे मुख्य कारण म्हणजे वाटेतील खोदकाम! मुंबईकराला यात नवल ते काय वाटणार? त्या दिवशी चेन्नईकडे मात्र व्यवहार वळविले गेले नाहीत.

कुर्ल्याचे केंद्र इतके जवळ का, याला तांत्रिक कारण आहे. प्रत्येक सौद्याची नोंद दोन्ही ठिकाणी एकाच क्षणी व्हायची असेल, तर अंतर कमी हवे. चेन्नई सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटरवर. प्रकाशतंतूतून जाऊन परत येण्यास दहा मिलिसेकंद तरी लागतात. शेअर बाजारात हा विलंब फार मोठा. म्हणून एकही नोंद हरवू नये यासाठी जवळचे केंद्र आणि शहरच संकटात सापडल्यास दूरचे, अशी दुहेरी व्यवस्था करावी लागते. ती खर्चिक असते आणि कित्येक संस्था जवळच्या केंद्रावरच थांबतात. कचेरी मुंबईत आणि प्रत ऐरोलीत किंवा महापेत ठेवली, की काम झाले, असे मानले जाते. इमारतीला लागणाऱ्या आगीपुरते ते खरे आहे. परंतु १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली होती. २६ जुलै २००५ च्या पावसानेही खाडीच्या दोन्ही तीरांमध्ये भेद केला नव्हता.

'सेबी'ने २०२१ मध्येच नियम कडक केले: बिघाडानंतर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे. २ मार्च आणि १८ मे २०२४ रोजी बाजारांनी पर्यायी केंद्रावरून प्रत्यक्ष व्यवहार करूनही पाहिले. दोन्ही दिवस शनिवार होते, सत्रे छोटी होती आणि वेळ आधीच जाहीर झालेली होती. भर बाजाराच्या दिवशी, पूर्वसूचनेविना केंद्र बदलण्याची परीक्षा अद्याप या सत्रांनी घेतलेली नाही.