पडीक जमिनीचे दोन नकाशे

हैदराबादच्या जामबागेत मराठी अजून कानावर पडते. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था तेथेच उभी आहे आणि निजामी राजवटीपासून या शहरातील मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या तिच्या वर्गांतून बाहेर पडल्या आहेत. आज जामबागेतून नोकरीसाठी निघणाऱ्या तरुणाची दिशा बहुधा पश्चिमेची असते. कोठीलगतच्या उस्मानिया मेडिकल कॉलेज स्थानकावर मेट्रो पकडायची, अमीरपेठेला गाडी बदलायची आणि रायदुर्गला उतरायचे. रायदुर्ग, माधापूर आणि गच्चीबावली या पट्ट्यात सॉफ्टवेअर कंपन्यांच्या जोडीने व्हिडिओ गेम घडविणारे स्टुडिओही आहेत. हरणांच्या शिकारीच्या जगप्रसिद्ध खेळाचे नाव ज्या कंपनीकडे होते, तिचाही स्टुडिओ याच शहरात होता.

‘डिअर हंटर’ हा खेळ १९९७ साली अमेरिकेत आला आणि संगणकावर एरवी खेळ न खेळणाऱ्या ग्राहकानेही तो विकत घेतला. २०१२ मध्ये त्याचे हक्क ‘ग्लू मोबाइल’ने मिळविले. या कंपनीचे एक मोठे कार्यालय हैदराबादेत होते. २०२१ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ने ग्लू विकत घेतली. तिचेही बस्तान या शहरात पूर्वीपासून आहेच. ज्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, त्याच देशातील एका शहराचे नाव शिकारीच्या खेळाशी असे जोडले गेले. त्यात विसंगती आहे, पण ती फार खोल नाही. पडद्यावरच्या गोळीने रानातले काही मरत नाही. खरी विसंगती नकाशात आहे.

शिकारीच्या खेळात बंदूक दुय्यम असते, भूमी मुख्य. ‘द हंटर : कॉल ऑफ द वाइल्ड’ या स्वीडिश खेळाचे उदाहरण घेता येईल. २०१७ मध्ये आलेल्या या खेळात पुढे एकेक अरण्य स्वतंत्र नकाशा म्हणून जोडले गेले. साठ-पासष्ट चौरस किलोमीटरचा एकेक नकाशा. २०२१ मध्ये आलेला ‘रांचो देल आरोयो’ हा मेक्सिकोतील चिवावा वाळवंटाच्या धर्तीवरचा नकाशा आहे. त्यात उघडे डोंगर, कोरडे ओढे, निवडुंगाची रांगडी झुडपे आणि मधूनच एखादे पाणथळ दिसते. वळणदार शिंगांची बिगहॉर्न मेंढी, माळावर वाऱ्यासारखा पळणारा प्रॉन्गहॉर्न, रानडुकरासारखा दिसणारा पेकारी, कोल्ह्याचा भाऊबंद कोयोटी हे तेथील रहिवासी. नवख्या डोळ्याला हा प्रदेश रिकामा वाटतो. नकाशा घडविणाऱ्याला मात्र त्यातील एकही जागा रिकामी सोडता येत नाही.

प्रत्येक प्राण्याच्या चरण्याच्या, पाणी पिण्याच्या आणि विसाव्याच्या जागा व वेळा आधी ठरवाव्या लागतात. या खेळात दिवसाच्या प्रहरानुसार कळप जागा बदलतात आणि खेळणाऱ्याला त्या वेळा शोधून काढाव्या लागतात. वारा कोणत्या दिशेने वाहतो, यावर माणसाचा वास प्राण्यापर्यंत पोहोचणार की नाही हे ठरते. बिगहॉर्न मेंढीला उभा कडा जवळ लागतो, कारण धोका दिसताच ती तेथेच चढते. कड्यापासून दूरच्या सपाटीवर तिला ठेवले, तर जाणकार खेळाडू हसतात. प्रॉन्गहॉर्नला याच्या नेमके उलट हवे असते. दूरवर नजर पोहोचेल असे मोकळे मैदान हेच त्याचे संरक्षण. नकाशा हिरवागार दिसावा म्हणून त्या मैदानावर झाडे पेरली, तर प्राणी कोंडल्यासारखा वागतो आणि खेळ बिघडतो. थोडक्यात, उघडा खडक, खुरटे झुडूप आणि गवताळ सपाटी या तीन गोष्टी अशा नकाशाच्या मोकळ्या जागा नसून त्याचा कणा असतात. हे ज्ञान त्या कलाकारांनी वनशास्त्राच्या वर्गात मिळविलेले नसते. चुकीच्या जागी ठेवलेले जनावर खोटे दिसते, एवढ्या एका व्यावसायिक धाकातून ते त्यांच्यापाशी येते.

दख्खनचे पठार वाळवंट नव्हे. तरीही पावसाच्या छायेतला त्याचा मोठा भाग, तेलंगणातील ग्रॅनाइटच्या टेकड्या आणि त्यांच्यामधले माळ हे याच कुळातले आहेत. काळविटाला प्रॉन्गहॉर्नप्रमाणेच मोकळे मैदान लागते. चिंकारा पाण्यावाचून बराच काळ वनस्पतींतील ओलाव्यावर काढतो. तरस खडकांच्या कपारीत राहते, लांडगा माळावर पिल्ले वाढवितो. हैदराबादभोवतालचे खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे आहेत. एकावर एक तोलून धरलेल्या त्या महाकाय गोट्यांच्या खाली सावली आणि गारवा असतो, आणि उन्हाळ्यात त्या सावलीवर कितीतरी जीव तग धरतात.

या भूमीचे मोल निजामाच्या शिकाऱ्यांना पक्के ठाऊक होते. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या शिकारमोहिमांची छायाचित्रे राजा दीनदयाळ यांनी काढलेली आहेत. निजामाचे एक शिकारीचे रान आजच्या वनस्थळीपुरमला होते. १९७५ मध्ये, महावीरांच्या अडीच हजाराव्या निर्वाणवर्षाच्या निमित्ताने, ते काळविटांसाठी राखले गेले आणि त्याचे नाव महावीर हरिण वनस्थळी ठेवण्यात आले. क्षेत्र १४.५९ चौरस किलोमीटर. म्हणजे खेळातल्या एका वाळवंटी नकाशात अशी चार वनस्थळे मावतील. शिकारीसाठी राखले म्हणून जे रान वाचले, तेच शेवटी हरणांच्या वाट्याला आले, हा इतिहासाचा एक गमतीदार हिशेब आहे. ज्या माळांवर कोणत्याही राजाने हक्क सांगितला नाही, त्यांचे काय झाले याची नोंद दुसऱ्या नकाशात सापडते.

तो दुसरा नकाशाही हैदराबादेतच तयार होतो. बालानगर येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र हे इस्रोचे केंद्र आहे आणि केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागासाठी देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह तेथील उपग्रहप्रतिमांवरून बनतो. २०१९ च्या आवृत्तीनुसार देशातील सुमारे ५.५७ कोटी हेक्टर, म्हणजे जवळपास १७ टक्के भूभाग पडीक ठरतो. त्यातील वर्गवारी वाचण्याजोगी आहे. दाट झुडपांची जमीन, विरळ झुडपांची जमीन, उघडा खडकाळ प्रदेश, वाळूचा प्रदेश. खेळाचा नकाशा घडविणारा ज्या गोष्टींवर प्राण्यांचा संसार मांडतो, नेमक्या त्याच या यादीत ‘पडीक’ म्हणून येतात. शास्त्रज्ञांचा यात दोष नाही. शेती आणि उत्पादन या दृष्टीने जमीन मोजण्याचे काम त्यांना सोपविलेले आहे आणि ते त्यांनी चोख केले आहे. पण प्रशासनाच्या टेबलावर पोहोचेपर्यंत त्या शब्दाचा अर्थ पालटतो. पडीक म्हणजे कोणाचीच नसलेली, म्हणून कोणालाही देता येण्याजोगी.

२०२५ च्या वसंतात गच्चीबावलीला हेच घडले. हैदराबाद विद्यापीठालगतची सुमारे ४०० एकर जमीन, कंचा गच्चीबावली, दीर्घ न्यायालयीन वादानंतर राज्य सरकारच्या ताब्यात आली होती. तेलुगूत ‘कंचा’ म्हणजे चराऊ रान, आपल्याकडील गायरानाच्या जवळचा शब्द. नावातच उपयोग सांगणाऱ्या या जमिनीवर राज्याच्या औद्योगिक पायाभूत सुविधा महामंडळाला माहिती तंत्रज्ञानासाठी भूखंड पाडायचे होते. मार्चच्या अखेरीस जेसीबी यंत्रे आत शिरली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन वृक्षतोड थांबविली. न्यायालयाच्या आदेशावरून झालेल्या पाहणीत सुमारे १०० एकरांवरील झाडोरा काढून टाकल्याचे, तसेच तेथे मोर व हरणे दिसल्याचे नोंदविले गेले. पुढच्या सुनावणीत तो भाग पूर्ववत करण्याची योजना मागताना न्यायालयाने अधिकाऱ्यांना अत्यंत कडक शब्दांत सुनावले.

सरकारचा युक्तिवाद साधा होता : ही जमीन महसुली नोंदीत कधीच वन नव्हती. तो नोंदीपुरता खराही असेल. मात्र वन नाही म्हणून तेथे वन्यजीव नाहीत, हा निष्कर्ष कोणत्याही नोंदीतून निघत नाही. काळविटाला तर वन नकोच असते.

या प्रकरणाला एक वळण असे मिळाले, जे दहा वर्षांपूर्वी कोणाच्या कल्पनेतही आले नसते. पळणारी हरणे, आक्रंदणारे मोर, यंत्रांपुढे उभे राहिलेले प्राणी अशा कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेल्या प्रतिमा समाजमाध्यमांवर पसरल्या. राज्य सरकारने त्यांना खोटा प्रचार म्हटले, गुन्हे नोंदविले गेले आणि अशी प्रतिमा पुन्हा प्रसृत केल्याबद्दल एका ज्येष्ठ सनदी अधिकारी महिलेलाही पोलिसांची नोटीस गेली. खोटी चित्रे पसरविणाऱ्यांनी स्वतःच्याच बाजूचे नुकसान केले, यात शंका नाही. सरकारला मूळ प्रश्नावरून चित्राच्या खरेपणाकडे वळण्याची सोय त्यांनी करून दिली. तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गच्चीबावलीच्या पट्ट्यात पडद्यावर हुबेहूब प्राणी आणि हुबेहूब डोंगर उभे करणे हा रोजचा धंदा आहे, ते कौशल्य या शहराने कमावलेले आहे. त्याच पट्ट्यातील खऱ्या प्राण्यांचे अस्तित्व सिद्ध करण्यासाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून उच्च न्यायालयाच्या अधिकाऱ्याला प्रत्यक्ष जाऊन पाहावे लागले.

गोव्याच्या वाचकाला हे परके वाटू नये. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या सड्याची गत याहून वेगळी नाही. उन्हाळ्यात काळाकुट्ट, ओसाड दिसणारा सडा पावसाळ्यात इवल्या फुलांनी भरतो, त्याच्या खळग्यांतील पाण्यात बेडूक वाढतात आणि खालच्या वाड्यांचे झरे त्याच्यावरच पोसले जातात. तरीही मोपाच्या पठाराची चर्चा बरीच वर्षे जणू तेथे काही नव्हतेच अशा सुरात झाली. नकाशाच्या रंगाचा प्रश्न तर गोव्याने न्यायालयापर्यंत नेलेला आहे. प्रादेशिक आराखड्यातील ‘चुका दुरुस्त’ करण्याच्या नावाखाली जमिनीचा विभाग बदलण्याची मुभा देणारे नगर व ग्राम नियोजन कायद्याचे कलम १७(२) आणि त्याखालील नियम यांवर उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये आघात केला. त्याच महिन्याच्या अखेरीस गच्चीबावलीत यंत्रे शिरली. दोन राज्ये, दोन कायदे, पण कागदावरील रंगाने जमिनीचे भवितव्य ठरविण्याची रीत एकच.

कुशावतीच्या काठी पणसायमळ येथे जांभ्यावर कोरलेले बैल आणि हरणे आजही पाहता येतात. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांसमवेत युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत त्यांचा समावेश झाला. ज्यांनी ती कोरली, ते शिकारीवर जगणारे असावेत असे मानले जाते. कोणते जनावर कोठे आढळते याची जाण असल्याखेरीज त्यांचा एक दिवसही निभला नसता.

केंद्राने २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे खेळ बंद केले आणि बाकीच्या खेळांना उत्तेजन देण्याचे ठरविले. महाराष्ट्राने अ‍ॅनिमेशन व गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण आखले, तेलंगणाने तर २०१६ मध्येच तसे धोरण आणून रायदुर्गला या उद्योगासाठी ‘इमेज टॉवर’ योजला. या सर्व धोरणांत रोजगार, गुंतवणूक, चौरस फूट यांचा विचार आहे. खेळ कोणत्या भूमीवर घडावेत याचा विचार अजून कोणी केलेला दिसत नाही. याच ‘द हंटर’मधील २०२३ चा नेपाळवरील नकाशा पाहिला, तर त्यात काळवीट आहे, नीलगाय आहे, वाघही आहे. ते सारे स्वीडनमध्ये रेखाटलेले. खऱ्या काळविटाला गोळी घातली तर भारतात तीन ते सात वर्षांचा कारावास आहे. म्हणून भारतीय स्टुडिओने दख्खनवर खेळ केलाच, तर त्यात बंदुकीऐवजी कॅमेरा किंवा मागोवा घेणारा वनरक्षक आणणे अधिक शहाणपणाचे ठरेल. नकाशाचे काम त्याने तसूभरही सोपे होत नाही. वारा, वास, पाणी आणि वेळ यांचे गणित तेच राहते.

हा उद्योग खरे खडक सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन संगणकात उतरवतो. ‘मेगास्कॅन्स’ नावाच्या अशा संग्रहाची मालक कंपनी ‘एपिक’ने २०१९ मध्ये विकत घेतली, आणि जगभरचे कलाकार त्यातून वाळवंटी दगड उचलून आपल्या नकाशात ठेवतात. हैदराबादेत ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था १९९६ पासून शहरातील खडक वाचविण्यासाठी झटते आहे. तिच्या यादीतील खडक आणि रायदुर्गचे स्टुडिओ एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरात आहेत. कॅमेरा घेऊन तेथवर जायला परवाना लागत नाही, आणि खडी फोडणारी यंत्रे तोवर थांबतीलच याची हमी नाही.