आपला कारखाना, त्यांचा कारखाना

दिवाळीला गावी (कळंब तालुका, जिल्हा धाराशिव) गेलो होतो. आजोबांची पत्र्याची ट्रंक आवरताना साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला सापडला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. त्यावर जिल्हा अर्थातच उस्मानाबाद. नाव बदललं ते २०२३ मध्ये. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण शेअर अजून त्यांच्याच नावावर. ऊस आता माझा चुलतभाऊ, दादा, लावतो. मी म्हटलं, "दादा, वारसनोंद करून घे की." तो हसला. "काय करायचंय त्या कागदाचं? ऊस कुणीबी नेऊ दे. भाव बरा आन् पैसे टायमावर मिळाले म्हंजे झालं."

परत येताना एसटीत डोक्यात तेच घोळत होतं. आजोबा नेहमी "आपला कारखाना" म्हणायचे. दादा त्याच कारखान्याला चेअरमनच्या आडनावाने ओळखतो, "अमक्यांचा कारखाना". दोन पिढ्यांत काय हरवलं, ते या एका शब्दात आलं असं मला वाटतं.

सहकारी संस्था वेगळी असते म्हणजे नक्की कशात? कंपनीत जितके शेअर तितकी मतं. सहकारात शेअर एक असो की पन्नास, मत एकच. दुसरं म्हणजे, इथे ऊस घालणारा आणि मालक एकच असतो. ऊस घालणारा म्हणून त्याला भाव जास्त हवा, आणि मालक म्हणून कारखाना बुडू नये हेही बघायला हवं. ही ओढाताण एकाच माणसाच्या डोक्यात चालते, म्हणून तो हिशोब विचारतो. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला कारखाना उभा केला, तो सावकार आणि व्यापाऱ्याला पर्याय म्हणून. आमचा भाग तेव्हा नुकताच, १९४८ मध्ये, निजामाच्या राज्यातून सुटलेला. इथे कारखाने नंतर आले, पण आशा तीच होती.

मग बिघडलं कुठे? लहानपणी वडिलांबरोबर एका संस्थेच्या वार्षिक सभेला गेलो होतो (नाव नको). मंडप, सतरंज्या, हार-तुरे. विषय वाचला की पुढच्या रांगेतून आरोळी, "मंजूर, मंजूर!" एक म्हातारबाबा अहवाल हातात धरून उभे राहिले. त्यांना कुणीतरी प्रेमाने खाली बसवलं, "बाबा, चहा घ्या." वीस मिनिटांत सभा संपली. भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलेलं होतं, 'विना सहकार नाही उद्धार'!

त्या दिवशी चुकलं कोणाचं? पुढाऱ्यांना शिव्या देणं सोपं आहे. पण मंडपात शेकडो मालक बसले होते आणि उभा राहिला एकच. ढोकीचा तेरणा कारखाना कित्येक वर्षं बंद राहिला आणि पुढे भाडेतत्त्वावर दिला गेला. अशा वेळी आपण कर्ज, दुष्काळ, राजकारण ही कारणं मोजतो. ती खरीच आहेत. त्या यादीत सभासदाचं गप्प बसणं मात्र कुणी धरत नाही.

याउलट माझी आत्या. ती लोहारा तालुक्यात राहते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर त्या पट्ट्यात घरं पुन्हा उभी राहताना बायकांची मंडळं पुढे आली, नंतर बचत गट झाले. आत्याच्या गटाची बैठक मी पाहिली आहे. पैसे सगळ्यांसमोर मोजतात, वही मोठ्याने वाचतात. एखादी मध्येच अडवते, "थांब गं, मागच्या महिन्याचं व्याज किती धरलंस?" सहकार कायद्याखाली नोंदणी नाही, बोर्ड नाही, चेअरमन नाही. पण आत्या "आमचा गट" म्हणते आणि ते खरं असतं.

माझ्या मते सहकाराची ओळख नोंदणी क्रमांकाने ठरत नाही, पाटीवरच्या 'सहकारी' या शब्दानेही नाही. कुणीतरी "थांब गं" म्हणतंय तोवर ती ओळख टिकते. दादाचं म्हणणंही चुकीचं नाही. खाजगीवाल्याने वेळेवर पैसे दिले तर शेतकरी तिकडे जाणारच. पण तिथे भाव पटला नाही तर दुसरीकडे जाणं एवढंच त्याच्या हातात असतं. इथे त्याला उभं राहून विचारता येतं. विचारायचंच नसेल, तर मग दोन्हींत फरक तो काय?

असो. मागच्या आठवड्यात दादाला फोन केला आणि म्हटलं, ऊस तू लावतोस, शेअर तुझ्याच नावावर पाहिजे. बाकीच्यांच्या सह्या मी गोळा करतो. फक्त पुढच्या सभेला जायचं आणि एक प्रश्न विचारायचा.

"प्रश्न तूच लिहून दे," म्हणाला.

"नाही, तुझाच पाहिजे."

थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वजनकाट्याचं इचारू का?"