खांद्यावरचं इन्स्टॉलेशन

‘तुमच्या अकोल्यात बघण्यासारखं काय आहे रे?’ पुण्यातल्या ऑफिसात लाँग वीकेंडच्या आधी मला हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी मंडळी एकदम आर्टवाली. काळा घोडा फेस्टिव्हलला न चुकता जाणारी आणि वर काही लटकताना दिसलं की मान उंचावून ‘वॉव’ म्हणणारी. मार्च 2023 मध्ये दिओरच्या फॅशन शोसाठी गेटवे ऑफ इंडियाला 14 मीटर उंचीचं भरतकामाचं तोरण चढवलं होतं. मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमधल्या तीनशेहून जास्त कारागिरांचं काम. त्याचे फोटो आमच्या ग्रुपवर दोन दिवस फिरत होते. (आजीनं केलेलं तोरण मात्र आपण नवा फ्लॅट घेतला की माळ्यावर टाकतो!)

गेल्या श्रावणात त्यांना म्हटलं, चला, दाखवतोच.

श्रावणातला शेवटचा सोमवार म्हणजे अकोल्यात कावड. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायचं आणि रात्रभर 17-18 किलोमीटर चालत आणून राजराजेश्वराला घालायचं. 1944 च्या दुष्काळापासून हे सुरू आहे, असं जुनी माणसं सांगतात. कावडीचा मान भरण्यांवर मोजतात. भरणं म्हणजे पाण्याचं भांडं. मोठ्या कावडीत अशी शेकड्यांनी भांडी लांबच लांब बांबूंना बांधलेली असतात. आता त्यावर एलईडीची रोषणाई असते, मागे डीजे असतो. अंधारातून ते सगळं डुलत येताना बघाल तर वाटेल, सायन्स फिक्शनमधलं यान उतरतंय. फक्त ते क्रेनला नसतं, माणसांच्या खांद्यावर असतं.

गणित करून बघा. एका भांड्यात पाच लिटर धरलं तर शंभर भांड्यांचं पाणीच पाचशे किलो. आणि पाणी काही गप्प बसत नाही, प्रत्येक पावलाला हिंदकळतं. बांबू तेवढा लवतो. बाकी सगळी भिस्त गाठींवर.

गाठी बांधायला आमचा मामा. गल्लीत रिकामी कावड ठेवली होती. मीही हौसेनं दोरी घेतली आणि एक भांडं बांधलं. मामानं एका झटक्यात ते सोडलं.

‘काऊन बे, पुन्याले हेच शिकोतेत का? हे सुरगाठ हाय. रस्त्यात सैल झाली तं कोनाच्या टाळक्यात पडन भरनं! निरगाठ मार.’

मारली. तीही सोडली.

जॅनेट एकेलमन ही अमेरिकन कलावंत 1997 मध्ये महाबलीपुरमला चित्रं काढायला आली होती. तिचे रंग वेळेवर पोचलेच नाहीत. मग किनाऱ्यावरच्या कोळ्यांची जाळी तिच्या नजरेत भरली. आज तिची प्रचंड जाळी जगभरातल्या शहरांत चौकांवर तरंगतात. वाऱ्यात ती कशी हलतील, याचा हिशोब आधी कॉम्प्युटरवर होतो. मामाचा हिशोब डोळ्यानं होतो. तो बांबू एका टोकाला उचलून हलवतो, कान देऊन ऐकतो आणि म्हणतो, ‘चौथं कुरकुरून रायलं.’

रात्री आमची आर्ट गँग अक्षरशः गप्प झाली होती. मोबाइल मात्र चालू! सगळे व्हिडिओ दिव्यांचे आणि डीजेचे. माझ्याही फोनमध्ये गाठीचा एकही फोटो नाही.

मामा आता सत्तरीला आलाय. बोटं थरथरतात. कावड खांद्यावर घ्यायला पोरांची झुंबड असते, पण आदल्या दिवशी दोरी धरून बसायला कोणी नसतं. मी निघताना त्यानं हातभर दोरी माझ्या बॅगेत टाकली. काही बोलला नाही.

ती आता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. लंच ब्रेकमध्ये पाण्याच्या बाटलीवर सराव चालतो. परवा बॉसनं विचारलं, हे काय? म्हटलं, सर, सोमवारची सुट्टी हवी होती...