एकशे आठ नगांची पेटी

आजवर इथे मी वांकिडीच्या शाळेवर, कापसाच्या बंड्यांवर, आईच्या हातच्या वरणफळांवर लिहिलं. तुम्ही गोड मानून घेतलं. आज मात्र भांडायला आलो आहे, आणि भांडण माझ्याच घरातून सुरू करतो.

मागच्या वर्षी मला पंचाहत्तर पूर्ण झाली. पुण्याच्या पुतण्याने भेट पाठवली. मोठेबाबांना सुतारकामाची हौस आहे, पडवीत लहानसं वर्कशॉप केलं आहे, हे त्याला ठाऊक. म्हणून त्याने मोबाइलवरून एक निळी पेटी मागवली. आत एकशे आठ नग. जपमाळेला मणी असतात तेवढे! ड्रिल मशीन, हातोडी, पकड, पटाश्या, पाने, छोटी करवत, टेप आणि ज्यांचं नावही मला माहीत नाही असे चाळीसेक तुकडे. प्रत्येकाला आपापला खाचा. उघडली की दागिन्यांचा डबा वाटावा. सगळं मिळून अडीच हजाराच्या आत. घरचे सगळे म्हणाले, किती स्वस्त!

तिसऱ्या दिवशी त्या हातोडीने मी एका जुन्या चौकटीत खिळा ठोकत होतो. चौथ्या ठोक्याला दांडा हातात राहिला आणि डोकं उडालं. ते गेलं थेट पाण्याच्या माठावर. माठ फुटला. माझी सहा वर्षांची नात माठाच्या शेजारी पायरीवर बसून भेंडीची देठं कपाळाला चिकटवत होती. मधे वीतभर अंतर असेल. तिला काही झालं नाही. ती टाळ्या पिटत ओरडली, "आबा, परत करा!" मी मात्र तिथेच खाली बसलो, कारण पायांत जीव राहिला नाही.

तर माझं म्हणणं हे. घरी हौसेने काम सुरू करणाऱ्याला "आधी स्वस्तातला मोठा सेट घे, पुढे बघू" असा जो सल्ला आपण सगळे देतो, तो चुकीचा आहे. नुसता चुकीचा नव्हे, त्यात एक पांढरपेशी माजही आहे. त्याचा पुरावा माझ्या नोकरीतच आहे आणि आरोपी मीच आहे.

सन १९८५ च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा आदिलाबाद, राज्य आंध्र प्रदेश. मी बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेला, जिल्ह्यातल्याच एका शाखेत फील्ड ऑफिसर. त्या काळी आय.आर.डी.पी.ची कर्जं जोरात होती. ही योजना २ ऑक्टोबर १९८० पासून देशातल्या सगळ्या ब्लॉकांना लागू झालेली. ग्रामीण कारागिराला किमतीच्या एक तृतीयांश अनुदान, बाकी बँकेचं कर्ज. पैसे कारागिराच्या हातात द्यायचे नाहीत, पुरवठादाराला परस्पर चेक द्यायचा आणि माल कारागिराला. त्याने पैसे उडवू नयेत म्हणून ही काळजी.

आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या वाढयाला असाच सुतारकामाचा संच मिळाला. चोवीसशे रुपये, आठशे अनुदान, सोळाशे कर्ज. त्यांना सगळे वाढई मामा म्हणत, मीही म्हणत असे. संच आला तेव्हा मी तपासणीला गेलो. तपासणी म्हणजे काय? यादी हातात घ्यायची. रंधे दोन, आहेत. पटाश्या सहा, आहेत. करवत, गिरमिट, गुण्या, आहे, आहे, आहे. टिक, टिक, टिक. खाली सही. मी मोजलं, तपासलं नाही. कॉमर्सच्या पोराला पटाशीतलं काय कळणार? आणि कळत नाही हे कबूल करण्याएवढी अक्कलही त्या वयात नव्हती.

तीन आठवड्यांनी मामा शाखेत आले. फडक्यात गुंडाळलेली पटाशी माझ्या टेबलावर ठेवली. धार दुमडली होती, पत्रा दुमडतो तशी. म्हणाले, "साहेब, कागद खरा हाय, लोखंड खोटं हाय."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "मामा, माल घेताना तुम्ही अंगठा दिला आहे. हप्ता थांबणार नाही."

त्यांनी पटाशी पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि गेले. हप्ता एकही थकला नाही. मधे दोन बकऱ्या विकल्या, असं नंतर कळलं. काम ते बापाच्या वेळच्या जुन्या पटाश्यांनीच करत राहिले. म्हणजे सोळाशे रुपये आणि वर व्याज भरलं ते न वापरलेल्या लोखंडासाठी. माझ्या रजिस्टरात मात्र ते खातं "नियमित" होतं, वसुली शंभर टक्के. त्या वर्षी वरच्या ऑफिसातून शाखेला शाबासकीचं पत्र आलं होतं.

पुढे जुलै १९९२ मध्ये कारागिरांना सुधारित अवजारं देण्याची वेगळी योजना आली. त्यात नव्वद टक्के सरकारचे, दहा टक्के कारागिराचे. आता १७ सप्टेंबर २०२३ पासून पी.एम. विश्वकर्मा आहे, अवजारांसाठी पंधरा हजारांचं ई-व्हाउचर. योजना चांगल्याच आहेत, मी त्यांच्या विरुद्ध नाही. माझा प्रश्न जुनाच आहे. पटाशी कोणती हवी हे त्या सुताराला कोणी विचारतं का?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पोटापाण्याच्या कामाचं झालं. आम्ही तर रविवारी दोन तास हौस करणारी माणसं, आम्हाला कशाला उंची हत्यारं? इथेच तुमची गफलत होते. कसलेला सुतार वाईट पटाशीनेही काम उरकतो, कारण त्याला तिचं दुखणं ओळखता येतं. नवशिक्याला ते येत नाही. धार उतरली की त्याला वाटतं आपला हात वाईट. लाकूड फाटलं की वाटतं आपल्याला जमणार नाही. दोन रविवार खटपट करतो आणि पेटी माळ्यावर जाते. आपल्या किती घरांच्या माळ्यांवर अशा पेट्या आहेत, खरं सांगा.

आणि उंची घ्या असं मी कुठे म्हटलं? माझी पेन्शन मला माहीत आहे. निवृत्तीनंतर मी हे काम शिकायला बसलो तेव्हा बँकेच्या सवयीने वही घातली. पहिल्या वर्षी बाजारातला चार पटाश्यांचा सेट तीनशेला घेतला. सहा महिन्यांत दुसरा घेतला, तोही तीनशेला. दोन्ही बुडीत. मग गावाकडच्या लोहाराकडे गेलो. त्याने ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा घेतला, तापवून ठोकून पाऊण इंची पटाशी घडवली. लाल करून तेलात बुडवली, मग घासून पुन्हा हलकी तापवली. धारेवर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढताच काढून घेतली. याला पाणी देणं म्हणतात. तापमान मोजायचं यंत्र नाही, घड्याळ नाही, डोळा फक्त. त्याने दीडशे रुपये मागितले, मी दीडशेच दिले. (खोटं कशाला बोलू, आधी एकशेवीस म्हणून पाहिलं होतं. बायको शेजारी उभी होती, तिने डोळे वटारले.) ती पटाशी २०१२ पासून चालू आहे. घसारा काढायला बसलो तर वर्षाला बारा रुपयेही पडत नाहीत. स्वस्त कोणती, सांगा बरं.

पोलाद खरं की खोटं हे ओळखायची साधी रीत त्याच लोहाराने दाखवली. धारेजवळ बारीक कानस हलक्या हाताने फिरवा. करकरत घसरली तर पाणी नीट दिलं आहे. गुळात विळी जावी तशी रुतली तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर या. मी ही कानस खिशात घेऊन राजुऱ्याच्या नि कागजनगरच्या हार्डवेअर दुकानांत जातो. दुकानदार मला पाहिलं की कपाळाला हात लावतात. राजुरा आता दुसऱ्या राज्यात, पण १९५६ पूर्वी तो नि आम्ही एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होतो. खिळे-मोळे घ्यायला अजूनही आम्ही राज्यांची सीमा मोजत नाही. लक्कडकोट ओलांडलं की झालं.

करवतीचंही तसंच. हल्ली टोकांना काळसर निळी झाक असलेल्या दातांची करवत मिळते. पहिल्या दिवशी ती लोण्यासारखी चालते, मीही फसलो. पण ते दात इतके कडक केलेले असतात की त्यांना कानस लागतच नाही. बोथट झाली की फेकायची. जुन्या पद्धतीची करवत दर दोन महिन्यांनी घासून आयुष्यभर वापरता येते. घासायला अर्धा तास जातो, पण आपल्याकडे वेळ नाही असं निवृत्त माणसाने तरी म्हणू नये.

विजेच्या यंत्रांवर मी कमी बोलतो, कारण मला कमी कळतं. पण दोन गोष्टी हात जोडून सांगतो. चार इंची ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावू नका. तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो, पातं लाकडात अडकलं की यंत्र हातातून उसळतं आणि बोटं जातात. स्वस्त व्हिडिओत सर्रास दाखवतात, तरी नाही. आणि सेटसाठी ठेवलेल्या पैशातून आधी पडवीतलं अर्थिंग नीट करून घ्या, तीस मिलीअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवा. तिचा फोटो काढून कोणाला पाठवता येत नाही, म्हणून ती कोणी भेट देत नाही.

मग घ्यायचं काय? एक हातोडी, दांडा लाकडाचा, डोक्यात पाचर मारलेली. एक नाहीतर दोन पटाश्या. घासता येणारी करवत. गुण्या. नाशकात बनणारी टापरियाची पकड, माझी तीस वर्षांची आहे आणि आजही जबडा हलत नाही. धार लावायचा दगड, हा सगळ्यांत आधी. रंधा नवा परवडत नसेल तर जुना शोधा. रेल्वे कॉलनी, कागद कारखाना, खाणी यांच्या आसपासच्या भंगारवाल्यांकडे निवृत्त मेकॅनिकांची हत्यारं येतात, कारण पोरांना ती नको असतात. पुढचं हत्यार काम अडलं की घ्यायचं, त्याआधी नाही. जालंधर-लुधियान्यातून चांगली हातहत्यारं परदेशी जातात, म्हणजे देशात बनत नाहीत अशातला भाग नाही. आपणच चमकणारी पेटी मागतो, म्हणून दुकानदार ती ठेवतो.

आमच्या जुन्या जिल्ह्यातल्या निर्मळची खेळणी तुम्ही पाहिली असतील. पोणकीच्या हलक्या लाकडाचे पेरू, सीताफळं, हरणं. ती करणाऱ्या माणसासमोर कधी बसून पाहा, हत्यारं किती आहेत ते मोजा.

लाकडाबद्दलही एक बोलून टाकतो, राग आला तर येऊ द्या. आमच्याकडे साग दारात आहे म्हणून "रात्री आणून देतो, स्वस्तात" म्हणणारे भेटतात. विनापरवान्याचा साग घेऊन देवघर करणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. ताडोब्याहून कवलकडे वाघ ज्या जंगलातून येतात-जातात, त्यातलंच ते लाकूड. मी जुन्या पडक्या घरांच्या चौकटी पावती करून विकत घेतो. खिळे काढताना करवतीचे दात जातात, म्हणून घासता येणारी करवत हवी, हे वर सांगितलंच.

आणि तो माज मी म्हणालो, तोही सांगतो. आपण स्वयंपाकघराच्या कपाटांना चार लाख देतो, ती बसवणाऱ्या माणसाशी पाचशे रुपयांवरून हुज्जत घालतो आणि हत्यारांचं काम आलं की "कशाला एवढं, हमाली तर करायची" म्हणतो. हाताचं काम ही आपल्या लेखी गंमत असते, म्हणून त्याला खेळण्यातली हत्यारं पुरतात. मुलाला कॉम्प्युटर घेताना आपण असं कधी म्हणालो नाही.

वाढई मामा २००३ मध्ये गेले. त्यांचा मुलगा कागजनगरला प्लायवूडची कपाटं करतो. शिकायला सुरुवात केली तेव्हा मी त्याच्याकडे गेलो आणि त्या पटाशीची गोष्ट काढली. मला वाटलं विसरला असेल. तो आत गेला, घेऊन आला. तीच. चाळीस वर्षं होत आली. "रंगाचे डबे उघडायले लई मस्त हाय साहेब," म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. सोळाशे रुपये मी त्याच्यापुढे केले, ते त्याने घेतले नाहीत. मग देवघराची एक चौकट त्याच्याकडून करून घेतली आणि त्याने सांगितला तो आकडा दिला, घासाघीस न करता.

पुतण्या दिवाळीला येतो आहे. हातोडीचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. पेटीतली टेप चांगली आहे, ती वापरतो. बाकीचे एकशे सात नग पडवीत तसेच आहेत. त्याला लोहाराकडे न्यायचं ठरवलं आहे, भाता त्यालाच ओढायला लावणार.