फोटो मुक्कामावरच उतरवून घ्या

भिवंडी-वाडा रस्त्यावर अंबाडी नाक्याला वज्रेश्वरीचा फाटा फुटतो. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतल्या नवसाशी जोडलेले देवीचे मंदिर, अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आणि नित्यानंद स्वामींच्या समाधीचे गणेशपुरी असा हा एका दिवसाचा फेरा. कल्याण-भिवंडीकडची कुटुंबे अंबाडीवरून येतात, वसई-विरारकडची शिरसाडवरून. दिवसभरात फोटो शेकड्याने निघतात आणि सगळे एकाच फोनमध्ये साठतात. तोच फोन अकलोलीच्या कुंडाच्या काठावर, ओल्या टॉवेलखाली ठेवलेला असतो.

तो पाण्यात पडला, गर्दीत चोरीला गेला किंवा नुसताच बंद पडला तर? नवा फोन हप्त्यावर मिळतो. गुडघे दुखत असताना वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढून आलेल्या आजीचा फोटो पुन्हा मिळत नाही.

हे नुकसान टाळता येते. त्यासाठी ‘घरी गेल्यावर बघू’ ही सवय मोडावी लागेल. फोटोंची दुसरी प्रत प्रवासातच, त्याच संध्याकाळी निघाली पाहिजे, कारण सामान भिजण्याचा, हरवण्याचा आणि आदळण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो प्रवासातच.

ठाणे जिल्ह्याला हे सांगायला लांबचे उदाहरण नको. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. हजाराच्या आसपास प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल आणि स्थानिक लोकांनी बाहेर काढले. अशा वेळी माणूस आधी जीव वाचवतो, सामानाचे नंतर. कॅमेरा आणि फोटोंची हार्डडिस्क एकाच बॅगेत असेल, तर नावाला दोन प्रती आणि गेल्या की दोन्ही एकदम गेल्या. एक प्रत खिशात हवी, नाहीतर दुसऱ्या माणसाच्या पिशवीत.

पीटर क्रो या अमेरिकी छायाचित्रकाराने यासाठी तीन-दोन-एक असा नियम सांगितला: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. या नियमातला शेवटचा आकडा सर्वांत मोलाचा. १९९८ मध्ये पिक्सारच्या ‘टॉय स्टोरी २’च्या फाइल्स चुकीच्या कमांडने उडाल्या आणि बॅकअपही नीट चालत नसल्याचे उघड झाले. बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या भांडाराला आग लागली. तेव्हाही ज्यांच्या प्रती आधीच सेफ्टी फिल्मवर काढून वेगळ्या ठेवलेल्या होत्या, तेच चित्रपट हाती राहिले.

प्रवासात लॅपटॉप नसला तरी अडत नाही. फोनला ओटीजी जोडणी लावायची, तिला कार्ड रीडर किंवा पेनड्राइव्ह, की फोटो उतरवता येतात. उतरवल्यावर दोन-चार फोटो पेनड्राइव्हवरून उघडून, मोठे करून पाहायचे. फोल्डरमध्ये फाइलची नावे दिसली म्हणजे फोटो शाबूत आहे असे नसते. कार्ड पुसायचे ते हे पाहून झाल्यावरच. वीज गेली तरी हे सगळे चालते, फोन चार्ज असला म्हणजे झाले. नाक्यावरच्या मोबाइलच्या दुकानातही हे काम होऊ शकते, मात्र तिथे समोर उभे राहावे. घरच्या माणसांचे फोटो परक्याच्या संगणकावर मागे राहता कामा नयेत.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेले फोटो म्हणजे बॅकअप नव्हे. साधे पाठवले की ते आक्रसतात. मूळ फाइल हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. क्लाउडचीही अशीच एक बाजू बहुतेकांना माहीत नसते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना ॲपमधून फोटो डिलीट केला की तो क्लाउडवरूनही जातो आणि ट्रॅशमध्ये ६० दिवसच राहतो. मोफत जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि ड्राइव्ह मिळून. ती भरली की बॅकअप थांबतो. सहलीला निघण्याआधी हे एकदा तपासणे आवश्यक आहे.

आणि कार्ड खरोखरच बिघडले तर? कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड उपसणे किंवा बॅटरी संपणे हे त्याचे नेहमीचे कारण. अशा वेळी त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नये. डिलीट झालेला फोटो लगेच पुसला जात नाही. त्याची फक्त नोंद जाते, आणि त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तिथेच असतो. रिकव्हरी सॉफ्टवेअर तो शोधते. कॅमेऱ्याने ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारले, तर नाही म्हणावे आणि कार्ड काढून वेगळे ठेवावे. भिजलेला फोन आधी बंद करावा, चार्जिंगला लावू नये आणि तांदळात खुपसू नये, कारण तांदळाचे कण आत जातात.

खरी जबाबदारी मात्र पैसे घेऊन फोटो काढणाऱ्यांची आहे. लग्न पुन्हा लावता येत नाही आणि हळदीच्या अंगणातले हसणे पुन्हा जमवता येत नाही. दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद करणारे कॅमेरे आज बाजारात सहज मिळतात. एकाच कार्डावर विसंबून लग्नाची ऑर्डर घेणे हा ग्राहकाच्या विश्वासाशी केलेला खेळ आहे. ग्राहकांनीही दर आणि अल्बमची पाने ठरवताना हे विचारले पाहिजे. बयाणा देण्याआधी फोटोग्राफरला विचारा: कार्ड किती, दुसरी प्रत कधी काढणार, आणि ती कोणाजवळ राहणार? आणि उत्तर ऑर्डरच्या पावतीवर लिहून घ्या.